दुसरीच्या बिल्ल्यावर

"मावशी, आये मोरीत हाय," शिवा म्हणाला.

शिवा माझा धाकटा. चार वर्षांचा. उंबऱ्यावर बसून मुठीतले फुटाणे एकेक करून खात होता आणि माझ्याकडे मान वर करून बघत होता. परक्या बाईकडे मुलं बघतात तसं, जरा लाजून, जरा कुतूहलानं. माझे डोळे अश्रुधुरानं पेटले होते, घशात जळजळ होती, एक चप्पल कुठेतरी परळच्या रस्त्यात राहिली होती. अशा वेळी पोराला चेष्टा सुचतेय म्हणून मला संतापच आला. "आये तुझी मोरीत नाय, हितं उभी हाय. सरक बाजूला," मी म्हणाले. तो लगेच सरकला. घरी कुणी आलं की वाट द्यावी, असं मीच त्याला शिकवलं होतं. मग आत तोंड करून ओरडला, "आये, सुंदरामावशी आली." आणि माझ्या घरातल्या मोरीतून, पाण्याचा आवाज थांबवून, कुणीतरी म्हणालं, "बसव तिला. आलेच."

आता यातलं कुणाला काय कळणार? कळायचं तर आधी बिल्ल्याचं सांगायला हवं. गिरणीत कायमची जागा मिळणं म्हणजे देव भेटणं. मला ती नव्हती. सुंदराला होती. ती डिलाईल रोडला राहायची, वाईंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला सात वर्षं होती, आणि मार्गशीर्षात तिला विषमज्वर झाला. महिनाभर घरी बसली असती तर जागा गेली असती. मग अशा वेळी सगळ्या करतात तेच तिनं केलं, आपला पितळी बिल्ला दुसरीला दिला. ती दुसरी मी. गेटावरचा माणूस आकडा बघतो, तोंड बघत नाही. आतली नायकीण, बायकांवरची मुकादम, सगळं जाणून असते, पण तिलाही साचे, म्हणजे यंत्रं, चालू राहिल्याशी मतलब. सकाळी ती ओरडायची, "सुंदरा बुधाजी", आणि मी म्हणायची, "ओ". दिवसभर मी सुंदरा. माझ्या शेजारच्या साच्यावर लक्ष्मी होती, आमच्याच लालबागच्या चाळीतली. पहिल्याच दिवशी सुटल्यावर तिनं मला गेटाबाहेर कोपऱ्यावर उभं केलं, आपण दहा पावलं पुढे गेली आणि पाठमोरीच हाक मारली, "कांता!" मी हसायला लागले. तर वळून म्हणाली, "हसतेस काय? ओ दे. दिवसभर दुसरीच्या नावाला ओ दिलीस, ती उतरवल्याशिवाय घरी जायचं नाय. आपल्या नावाची हाक घ्यायची, ओ द्यायची, मग पाऊल उचलायचं." एक बाई म्हणे तशीच गेली होती. तिचं पुढे काय झालं असं विचारलं की जुन्या बायका पान जुळवायला लागायच्या. मी रोज ओ देत गेले. मनातून हसत होते, पण देत होते. शास्त्र म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. ओलं पातळ सोडून कोरडं नेसल्यावर वाटतं तसं.

पण माझ्या अंगात दुसरंही एक वळण होतं, गावाकडचं. आमचं गाव डोंगरात, दिवेलागणीला धुकं घरात शिरायचं. तिथं माणूस डोळ्यांना दिसल्याशिवाय पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्याही नाही. आजी सांगायची, ज्याला पाय नसतात त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक आली की समजावं, माणूस आहे. मग खुशाल ओ द्यावी. मुंबईला येऊन मला दहा वर्षं झाली होती. डोंगर गेला, धुकं गेलं. हे काही गेलं नाही.

तो दिवस जानेवारीतला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार, अशी बातमी आदल्या रात्री रेडिओवर आली होती. सकाळी चाळीखालून घोषणा देत पोरं गेली. नलू, माझी थोरली, नऊ वर्षांची, भात शेगडीवर ठेवून ती बघायला गॅलरीच्या टोकाला गेली आणि भात करपला. माझा हात भारी चालतो. जीभही चालते, पण हात आधी. मी फुंकणी उचलली आणि तिच्या दंडावर ओढली. ती रडली नाही. कोपऱ्यात जाऊन बसली. ती रडली नाही याचाच मला जास्त राग आला, म्हणून आणखी एक दिली आणि तिच्याकडे न बघता कामावर गेले. मला माया नव्हती असं कुणी म्हणू नये. नलूला गोवर झाला तेव्हा सात दिवस मी जमिनीला पाठ टेकली नव्हती. पण माझ्या आईनं मला बडवलं, तिच्या आईनं तिला बडवलं, आणि आमच्यात कुणी बिघडलं नाही, असंच मी धरून चालले होते. तीनच्या सुमाराला साचे बंद पडले. लालबागकडून गलका ऐकू येत होता, मग फटाक्यांसारखे आवाज आले, आणि नायकीण म्हणाली, घरी जा, जिवाला जपा. गेट उघडलं तेव्हा बाहेर रस्ता नव्हताच. पांढरा धूर होता आणि त्यात खोकणारी, पळणारी माणसं. लक्ष्मी माझ्या पुढे होती, ती धुरात नाहीशी झाली. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. तेवढ्या गोंधळातही बिचारी विसरली नाही. समोरून हाक आली, "कांता!" आवाज लक्ष्मीचा होता. पण ती दिसत नव्हती. मी गप्प राहिले. "कांता!" दुसरी. मी गप्पच. जीभ टाळूला लावून तिसरीची वाट बघत राहिले. तिसरी हाक आली आणि मी तोंड उघडणार एवढ्यात माझ्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, कुणीतरी म्हणालं, "ओ."

थकलेला, तापातून उठलेला आवाज होता तो. मग लोंढा आला आणि मी पळत सुटले.

मोरीतून सुंदरा बाहेर आली. माझं हिरवं पातळ नेसलेली, केस ओले. तिच्या अंगाला माझ्या साबणाचा वास येत होता. लक्ष्मीही तेवढ्यात वर आली आणि मला बघून दारातच थांबली. "सुंदरे, तापातनं उठून आलीस कशाला गो? आनि चप्पल खयं तुजी?" ती मला म्हणाली. मी लक्ष्मीला धरून हलवलं. मी म्हणाले, मी कांता आहे, ही बाई माझ्या घरात काय करतेय विचार तिला. लक्ष्मीनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि सुंदराकडे बघत मान हलवली, ताप मेंदूत गेला की माणूस बरळतं म्हणतात तशी. माझा नवरा सीताराम तेव्हा खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि म्हणाला, "कर्फ्यू लागंल. बाईला वेळेत पोचवा." दहा वर्षांचा संसार. या माणसानं दहा वर्षांत माझ्याकडे कधी नीट बघितलं असेल तर शपथ, त्यामुळे त्याला दोष तरी कसा देऊ? भिंतीवर टांगलेल्या आरशात मी डोकावले. आरशात मीच होते, माझंच रुंद कपाळ, माझाच मोडका दात. पण आरसा सोडून ते कुणालाच दिसत नव्हतं. नलू कोपऱ्यात सकाळी होती तिथंच बसलेली होती. दंडावर तेल चमकत होतं. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि काही बोलत नव्हती. मला वाटलं, अजून रुसलीय.

लक्ष्मीनं मला हाताला धरून डिलाईल रोडला नेलं आणि ती कर्फ्यूच्या आत परत गेली. सुंदराची खोली चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर, जिन्याशेजारी. तिचा नवरा बुधाजी रात्रपाळीचा. तो मला बघून एवढंच म्हणाला, "बरं वाटतंय ना?" आणि पाण्याचा हंडा उचलायला गेला. घरात त्याची आई, राधाबाई. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मला वाटलं, ही तरी फसणार नाही. डोळे असलेल्यांना काहीतरी भूल पडली असेल, पण हिची बोटं आहेत. मी तिच्यापुढे बसले, तिचे हात घेऊन माझ्या तोंडावर ठेवले. तिनं माझं कपाळ चाचपलं, गाल चाचपले, मोडका दात चाचपला. मग म्हणाली, "उतरला गो ताप, सुंदरे. देवाची किरपा." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत राग होता. राग असेतोवर माणसाला आपण कोण ते ठाऊक असतं.

पुढचे दिवस रस्त्यावर पाय टाकायची सोय नव्हती. खाली पोलिसांच्या गाड्या फिरायच्या, कुठून तरी दगड यायचा, मग बंदुकीचा आवाज. माणसं मरत होती, मी खोलीत कोंडलेली होते आणि माझी पोरं दीड मैलावर दुसरीच्या हातचं जेवत होती. मी बुधाजीला सांगितलं, ताप पुरता गेला नाही, मी म्हातारीपाशीच निजेन. तो हो म्हणाला. भला माणूस, माझ्या घरच्यापेक्षा भला म्हणायला हवा. पण मला भलेपणा नको होता. मला माझा शिवा हवा होता, त्याची झोपेत गळ्यावर येणारी घामट मूठ हवी होती. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ टाकताना माझा हात फळीवरच्या तिसऱ्या डब्याकडे गेला आणि झाकण उघडून बोटं आत शिरली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मीठ कुठे आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हात झटकून मागे घेतला. म्हातारी म्हणाली, "काय चावलं गो?" मी म्हणाले, काही नाही. त्या रात्रीपासून मी निजताना आपल्या घरातल्या डब्यांची उजळणी करायला लागले. खालच्या फळीवर तांदूळ, त्याच्यावर तूरडाळ, कोपऱ्यात चिंच. चवथ्या दिवशी चिंचेच्या जागी काय होतं ते आठवेना.

आणि तेव्हाच मला हेही आठवलं की असं होण्याची ही काही पहिली खेप नव्हती. मी जन्माची शेवंती. पंधरा वर्षांची असताना मला बोहल्यावर चढवली, ताटात तांदूळ पसरले, सीतारामानं अंगठीनं त्यात रेघा ओढल्या आणि मी कांता झाले. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंतीचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पहिल्या सणाला माहेरी गेले. आई विहिरीवर होती, तिथून तिनं हाक मारली, "शेवंते, कळशी आण गो." मी अंगणात शेंगा निवडत होते. ऐकलं आणि शेंगा निवडत राहिले. आई दुसऱ्यांदा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा मी मान वर करून पाहिलं, ती कुणाला बोलावतेय म्हणून. आई विहिरीवरून चालत आली, माझ्याजवळ उभी राहिली, आधी हसली. म्हणाली, "झालीस गो त्येंची." मग पदर डोळ्याला लावून आत गेली. मला तेव्हा गंमत वाटली होती. नवी नवरी होते, नवं नाव मिरवत होते. आता डिलाईल रोडच्या त्या खोलीत मला आईचं ते आत जाणं सारखं दिसायला लागलं. बाईला एकदा असं पुसून नव्यानं लिहितात, ते सगळ्यांनी वाजतगाजत केलेलं असतं म्हणून भीती वाटत नाही. पण जे एकदा पुसलं जातं ते दुसऱ्यांदाही जाणार. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

गिरणी सुरू झाली तशी मी कामावर गेले. आता बिल्ला माझाच. नायकीण हाक मारायची, "सुंदरा बुधाजी", आणि ओ द्यावी लागायची, नाहीतर साचा दुसरीला. संध्याकाळी गेटाबाहेर मी लक्ष्मीला थांबवलं. म्हणाले, एक काम कर, मला कांता म्हणून हाक मार. एवढंच. का म्हणून विचारू नकोस. ती हसली, "याड लागलं काय तुला?" पण दया येऊन दहा पावलं पुढे गेली आणि ओरडली, "कांता!" हाक खणखणीत होती. पण ती माझ्याकडे आली नाही. कशी सांगू? माझ्या डोक्यावरून गेली, वरून, लालबागच्या दिशेनं. मी ओ म्हणाले, तीनदा म्हणाले. लक्ष्मी परत आली आणि म्हणाली, "झालं समाधान, सुंदरे? चल." मग मला उमजलं. तोंडानं नाव घेऊन भागत नाही. मारणाऱ्याला ठाऊक हवं, आपण कुणाला हाक मारतोय ते. आणि अख्ख्या मुंबईत ते ठाऊक असणारी, मला वाटत होतं, एकच बाई होती.

ती मला लालबागच्या बाजारात सापडली. रविवार होता, दुपारचे अकरा-बारा. सुक्या बोंबलांच्या टोपलीपुढे वाकलेली, शिवा कडेवर, नलू पिशवी धरून मागे. मी जवळ जाऊन म्हणाले, "सुंदरा." तिनं मान वळवली नाही. पुन्हा म्हणाले. नाही. मग मी माझं स्वतःचं नाव घेऊन तिला हाक मारली, "कांता." ती चटकन वळली. "काय गो, बरी हायस ना?" म्हणाली. तिचा चेहरा भरला होता. मी तिला बाजूला ओढलं.

"हाक मार मला. माज्या नावानं. तुला म्हायत हाय सगळं."

तिनं हातातला बोंबलाचा जुडगा टोपलीत ठेवला. "मी मुद्दाम नाय दिली ओ," ती म्हणाली. "ताप गेलेला. बिल्ला परत घ्यावा म्हनून गेटावर आले. धुरात कुनीतरी हाक मारीत व्हतं, आनि त्या बाईच्यानं ओ देववंना. मला वाटलं, येवढी जीव तोडून मारलेली हाक फुकट जातेय. तोंडातनं आपसूक आली."

"मग माज्या घरी कशाला शिरलीस?"

"पाय वळले. मलाबी कळंना मी खयं चाललेय ती. आत गेले तर ही पोर कोपऱ्यात, दंडावर दोन वळ. मी तेल लावलं. तेल लावून निघनारच व्हते, आईशप्पत. तर ह्यो मांडीवर येऊन झोपला." तिनं शिवाच्या केसांवरून हात फिरवला. "माजी तीन गेली. येकबी मांडीत झोपन्याइतकं मोठं झालं नाय. तुला ठाव हाय."

ठाऊक होतं. बिल्ला माझ्या हातात देताना तिनंच मला सांगितलं होतं, एकेकाचं नाव घेऊन. मला त्या घटकेला तिची कीव यायला हवी होती. नाही आली. "मार हाक," मी म्हणाले, "नायतर हितंच झिंज्या उपटीन." आणि माझा हात वर गेला. शिवानं किंकाळी फोडून तिच्या मानेत तोंड खुपसलं. नलूनं पिशवी खाली ठेवली, पुढे आली आणि त्या बाईच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. बाजारातल्या बायका जमल्या. कुणी तरी म्हणालं, पोरं नसली की बाईच्या डोक्यावर असा परिणाम होतो, बिचारी. मी हात खाली घेतला.

मग मी बाजारात जाणं सोडलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. चाळीतली माणसं मोर्च्याला जात, तुरुंगात जात, परत आल्यावर त्यांना हार घालत. सभेला गेलेल्या बायका गळा बसवून यायच्या, मुंबई आमची, आणि मी त्यांच्यासाठी गवती चहा उकळायची. एवढ्या लोकांना आपलं म्हणून काही मागता येत होतं, ओरडून. मला माझं मागायला तोंड नव्हतं. माझं सगळं लक्ष अंगाकडे लागलेलं असायचं. एक दिवस भाकरी थापताना उजव्या मनगटाखाली भाजल्याचा डाग दिसला, जुना, सुरकुतलेला. मला कधी तिथं भाजलं नव्हतं. मी म्हातारीला विचारलं नाही, पण विचारायची गरजच पडली नाही. भाकरी घेताना तिचा हात माझ्या मनगटावर पडला आणि बोटांनी डाग चाचपून ती म्हणाली, "बाळूच्या बारशाला पुरन ढवळताना नाय का भाजलीस." बाळू सुंदराचा पहिला. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला पुरणाचा वास आला. वेलदोड्याचा, करपलेल्या गुळाचा. एक बाळ रडत होतं. मी तवा तसाच सोडून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून मनातल्या मनात म्हणत राहिले, नलू, शिवा, नलू, शिवा. त्या दिवसापासून माझं एकच काम. ही दोन नावं हरवू द्यायची नाहीत. माझं नाव गेलं तर गेलं. सांगायला सोपं वाटतं. आरशात बघायचं मी तेव्हापासून टाळलं.

दिवाळी आली. त्याच आठवड्यात मराठी मुलखाला गुजरात जोडून दोन भाषांचं मोठं राज्य झालं आणि गिरणगावात दिवे कमीच लागले, काही खिडक्यांना काळी निशाणं होती. पाडव्याच्या दुपारी बुधाजी सभेला गेला होता, म्हातारी निजली होती. दारात नलू उभी. एकटी. हातात रुमालानं झाकलेली ताटली.

"सुंदरामावशी, आयेनं फराळ दिलाय," ती म्हणाली.

किती दिवसांनी तिला इतक्या जवळून पाहत होते. उंच झाली होती. दोन वेण्या घट्ट घातलेल्या, भांग अगदी सरळ. माझ्याकडून तिचा भांग कधी सरळ पडला नव्हता, ती हलायची आणि मी फणीचा दांडा डोक्यात घालायची. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. शिवा बरा आहे का विचारलं. शाळेत जातो, म्हणाली. पाटीवर रेघा ओढतो. मी ताटलीवरचा रुमाल काढला, करंजी मोडून तोंडात घातली. मला तिचा हात धरायचा होता. परकी बाई दुसरीच्या पोरीचा हात किती वेळ धरणार, म्हणून मी ताटली धरून बसले होते.

"तू खसखस घालायचीस," नलू म्हणाली. "ती नाय घालत."

मी चावायची थांबले. खाली रस्त्यावर कुणी तरी लवंगी माळ लावली, मी ताटली खाली ठेवली.

"काय म्हनालीस?"

"मला ठाव हाय," ती म्हणाली. पायाच्या अंगठ्यानं फरशीची भेग चाचपत होती. "बाबांना नाय ठाव. शिवाला बी नाय. मला ठाव हाय."

"कधीपासनं?"

"तू दारात आलीस तवापासनं. येका पायात चप्पल नव्हती."

दहा महिने. मी दहा महिने त्या एका बाईच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते, आणि हाक मारू शकणारी दुसरी जीभ माझ्या पोटची होती. कोपऱ्यात बसलेली होती, तेल लावलेली, आणि मला वाटलं होतं रुसलीय. तिला माझ्या नावाची गरजच नव्हती. तिची हाक वेगळी, दोन अक्षरांची, तिनं मला कुठूनही ओढून नेलं असतं. "मग का नाय मारलीस हाक? गुलामे, का नाय मारलीस?" मी म्हणाले. आवाज चढला माझा. म्हातारी झोपेत कुशीवर वळली.

नलूनं मान वर केली नाही. "मारनार व्हते. ती तेल लावत व्हती तवा. वाटलं, उद्या मारीन. उद्या कर्फ्यू लागला. मग परत वाटलं, उद्या." थोडं थांबून म्हणाली, "ती हात उचलत नाय. भात लागला तरी नाय. पुस्तक वाचत बसले तरी नाय. लागलेला भात खरवडून सोता खाते."

मी उरलेली करंजी ताटलीत ठेवली.

"आता मारू?" नलूनं विचारलं. "मी हाक मारली तर तू येशील ना घरी? आनि ती हितं येईल." ती उठली. दारापाशी गेली, हाक मारायला जेवढं अंतर लागतं तेवढं मागे सरकून उभी राहिली. शहाणी पोर. बिल्ल्याची गोष्ट तिनं बायकांच्या बोलण्यातून कधीतरी ऐकली असणार. "तू म्हन. मारू?"

देवाशपथ, माझं तोंड उघडलं होतं. हो एवढंच म्हणायचं होतं. माझी फळी, माझे डबे, शिवाची घामट मूठ, सगळं त्या पोरीच्या जिभेवर होतं. माझ्या अंगातला कणन्‌कण तिच्याकडे सरकला होता, मीसुद्धा बसल्या जागेवरून नकळत अर्धी उठले होते. तिनं हाकेसाठी श्वास घेतला, आणि मी अशी पुढे झालेली बघून तिचं डावं कोपर वर आलं. कानाच्या वर, तोंडाच्या आडोशाला, दंड उघडा पडू नये म्हणून अंगाशी दाबलेलं. दहा महिने कुणी तिला बोट लावलं नव्हतं. तरी ते कोपर कुठून कसं यायचं ते विसरलं नव्हतं. तिला स्वतःला कळलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती, हो म्हणण्याची वाट बघत, खरंच मारली असती तिनं हाक.

मी परत खाली बसले. ताटली रिकामी केली, पुसली, रिकामी परत जाऊ नये म्हणून तिच्यात साखर घातली. थोडी साखर फरशीवर सांडली.

"नको," मी म्हणाले. "जा घरी, बाळा. उशीर झाला तर आये रागवंल."

नलूनं ताटली घेतली. कोपर केव्हाच खाली आलं होतं. उंबऱ्यात थांबून तिनं मागे पाहिलं, जरा लाजून, परक्या घरातून निघताना मुलं बघतात तसं.

"ती नाय रागवत," ती म्हणाली, आणि साखर सांडू नये म्हणून ताटलीवर हात धरून जिना उतरू लागली.